मन खचलें असतां मूल वाढविणें



मूल कसें वाढवावें याविषयीं आपल्या समाजांत उपदेशाची वाण कधींच नव्हती. बाळाला वरचें अन्न केव्हां सुरू करावें, त्याला कसें निजवावें, हट्टी मुलाशीं कसें वागावें, या प्रश्नांचीं उत्तरें आजीपासून मासिकांपर्यंत सर्वांजवळ तयार असतात. मात्र या साऱ्या उपदेशांत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते. ती ही कीं, मूल वाढविणाऱ्याचें स्वतःचें मन धड आहे. तें धड नसेल तर काय? सकाळीं अंथरुणांतून उठणें हेंच ज्या आईला डोंगर चढण्याइतकें अवघड वाटतें. पोटचें मूल हंसलें तरी ज्या बापाच्या मनांत कांहीं हालत नाहीं, आणि हालत नाहीं याचीच ज्याला लाज वाटते. अशा आईबापांनीं मूल कसें वाढवावें? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

या विषयाचा विचार मी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांच्या आधारें करणार आहें. एके काळीं हा सारा मुलूख चांदा जिल्हा म्हणून ओळखला जाई. पुढें चांद्याचें चंद्रपूर झालें, आणि १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या खोऱ्यांतला हा प्रदेश. सागाचीं, बांबूचीं व मोहाचीं रानें, धानाचीं खांचरें, आणि गोंड व माडिया लोकांचीं विखुरलेलीं गांवें. मनाच्या सूक्ष्म व्यथांची चर्चा करावयास हेंच स्थळ कां, असें शहरांतील श्रोत्यांस वाटेल. त्याला दोन कारणें आहेत. विषण्णता हा रिकामपणीं जडणारा, सुखवस्तु लोकांचा आजार आहे हा आपला एक जुना गैरसमज. तो येथें टिकत नाहीं. आणि दुसरें असें कीं, घरोघर जाऊन बाळाची निगा कशी राखावी, याचा जो पाठ आज सबंध देश गिरवीत आहे, तो प्रथम याच रानांत लिहिला गेला. त्या पाठांत एक ओळ भरावयाची राहिली आहे, असें मला सुचवावयाचें आहे.

प्रथम आजाराची ओळख करून घेऊं. डॉक्टर ज्याला डिप्रेशन किंवा नैराश्य म्हणतात, त्याला जुन्या भाषेंत विषण्णता म्हणतां येईल. दुःख निराळें आणि विषण्णता निराळी. चंद्रपूर जिल्ह्यांत उन्हाळ्याच्या तोंडाशीं मोहफुलें वेंचावयास पहांटे रानांत गेलेलें माणूस वाघाच्या हल्ल्यांत दगावतें, असें अनेकदां घडलें आहे. मागें राहिलेली पत्नी रडते, जेवत नाहीं, बोलत नाहीं. हा शोक आहे. शोकाला भरतीओहोटी असते. शेजारीण येऊन बसली कीं तो थोडा हलका होतो, आणि मुलाच्या एखाद्या बोलण्यावर त्यांतहि क्षणभर हंसूं येतें. विषण्णतेला अशी ओहोटी नाहीं. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ सारा दिवस, मन बधिर किंवा जड राहतें, पूर्वीं आवडणाऱ्या गोष्टींत रस उरत नाहीं, झोप उडते किंवा फार वाढते, भूक मरते, लहानसा निर्णय करवत नाहीं, आणि आपण निकामी आहों, घराला भार आहों, असें एकसारखें वाटत राहतें. पुष्कळ माणसें ही व्यथा मनाच्या शब्दांनीं सांगत नाहींत, शरीराच्या शब्दांनीं सांगतात. डोकें जड आहे, अंगांत ताकद नाहीं, कशांत जीव लागत नाहीं, झोंप येत नाहीं, अशी तक्रार घेऊन तीं दवाखान्यांत जातात, आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन परत येतात.

आतां हें मन घेऊन या मुलुखांत मूल वाढवावयाचें म्हणजे काय, याची कल्पना करा. पावसाळा लागला कीं धानाची रोवणी, ती संपते न संपते तोंच निंदण, हिवाळ्यांत कापणी. पुढें अनेक कुटुंबें मुलाबाळांसह मिरची तोडण्यासाठीं तेलंगणांत जातात. परत यावें तों मोहफुलें, आणि मग तेंदूपानांचा हंगाम. वर्षाचा असा एकहि महिना नसतो कीं ज्यांत आईनें ‘आज मला होत नाहीं’ म्हणावें आणि चूल पेटावी. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता तुटतो. मनाच्या आजारांचें या भागाचें मोठें सरकारी इस्पितळ नागपुरास आहे, तें १८६४ सालचें. आणि भामरागडहून नागपूर सुमारें साडेतीनशें किलोमीटर. ज्या बाईला अंगणांतल्या विहिरीपर्यंत जाण्याचें बळ नाहीं, तिनें कडेवर मूल घेऊन हें अंतर कसें तोडावें? म्हणून ती जात नाहीं. घरांतलीं माणसें म्हणतात, बाळंतपणापासून ही आळशी झाली. पुजाऱ्याला विचारतात, बाहेरचें कांहीं लागलें का पाहतात. त्यांत वाईट हेतु नसतो. दुसरी वाटच दिसत नसते.

आणि तरीहि या जिल्ह्यांत एक वाट पाडली गेली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोलींत ‘सर्च’ ही संस्था काढली. गांवोगांव मोजणी केली तेव्हां आढळलें कीं, जन्मलेल्या हजार बाळांपैकीं शंभराहून अधिक बाळें वर्ष पुरें होण्यापूर्वींच जातात. तेव्हां त्यांनीं गांवांतल्याच बायकांना शिकविलें, त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हटलें, आणि १९९५ पासून ३९ गांवांत या आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरीं जाऊं लागल्या. बाळाचें वजन घ्यावें, त्याला ऊब द्यावी, श्वास मोजावा, दूध पितें कीं नाहीं पाहावें, जंतुदोष ओळखून औषध द्यावें. तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात बाळांचें मृत्युप्रमाण, शेजारच्या तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, शेंकडा ६२ नीं कमी झालें. १९९९ सालीं हा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून हीच पद्धति साऱ्या भारतांत ‘आशा’ कार्यकर्तींच्या हातीं देण्यांत आली.

माझ्या विषयाच्या दृष्टीनें याच कामांतली एक कमी प्रसिद्ध मोजणी फार महत्त्वाची आहे. १९९५-९६ सालीं त्याच गांवांत ७७२ बाळंतिणींच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत शंभरांपैकीं त्रेचाळीसजणींना कांहीं ना कांहीं दुखणें झालें होतें. स्तनांचीं दुखणीं, उशिरां होणारा रक्तस्राव, जंतुदोष, अशी ती यादी आहे. आणि त्या यादींत चौथ्या क्रमांकाला एक शब्द आहे, निद्रानाश. शंभरांत सुमारें सातजणींना झोप येत नव्हती. बाळ रात्रीं उठवितें म्हणून होणारें जागरण प्रत्येक आईला असतें, तें कोणी दुखणें म्हणून सांगत नाहीं. बाळ निजलें असतां, घर शांत असतां, अंग थकून गेलें असतां ज्या आईचा डोळा लागत नाहीं, तिच्याविषयीं घरच्यांनीं सावध व्हावें. निद्रानाश म्हणजे विषण्णताच, असें मी म्हणत नाहीं. पण मनाचा दरवाजा किलकिला झालेला तेथूनच दिसतो.

तो दरवाजा उघडून आंत पाहण्याचें काम गोव्यांत झालें. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २७० बाळंतिणींची पाहणी केली. ती २००२ सालीं प्रसिद्ध झाली. बाळ सहा ते आठ आठवड्यांचें असतां शंभरांपैकीं तेवीस आयांना विषण्णतेनें ग्रासलें होतें. कारणें शोधलीं तेव्हां तीं घरांतच सांपडलीं: गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असतां झालेली मुलगी. विशेष हें कीं, ज्यांना बाळंतपणानंतर हा आजार आढळला, त्यांतील बहुतेकजणी गरोदरपणांतहि मनानें खचलेल्याच होत्या. फक्त तेव्हां त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. पुढें त्याच आयांचीं बाळें सहा महिन्यांचीं झालीं तेव्हां मोजलीं, तर विषण्ण आयांच्या बाळांचें वजन व लांबी इतरांहून कमी भरली. म्हणजे ज्या बाळाच्या वजनासाठीं आपण तराजू घेऊन दारोदार फिरतों, त्या वजनाचा एक धागा आईच्या मनाशीं बांधलेला आहे.

येथें मला थोडें थांबलें पाहिजे. हें वाक्य ऐकणाऱ्यांत एखादी आई अशी असेल कीं जिला तें सुरीसारखें लागेल. ‘माझ्यामुळें माझें मूल वाळलें’ असें ती मनांत म्हणेल. बाई, तसें म्हणूं नका. अपराधी वाटणें हें या आजाराचें लक्षण आहे. तापांत अंग तापावें तसें यांत मन स्वतःला दोष देतें. मुलाचें वजन आईच्या दुःखानें कमी होत नाहीं. दूध पाजावयाची वेळ टळते, लस द्यावयाचा दिवस चुकतो, बाळ रडलें कीं उठवत नाहीं, म्हणून तें कमी होतें. आणि हीं सारीं कामें अशीं आहेत कीं त्यांना दुसरा हात लागूं शकतो.

मुलाच्या मनाचें काय? त्यासाठीं अमेरिकेंतील एका प्रयोगाची हकीकत सांगतों. एडवर्ड ट्रॉनिक नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत आयांना आपल्या तान्ह्या मुलांशीं नेहमीसारखें खेळावयास सांगितलें, आणि मग एकदोन मिनिटें चेहरा अगदीं निर्विकार ठेवावयास सांगितलें. बाळ प्रथम हंसून पाहतें, हात पसरतें, आवाज करतें, आईला परत बोलावूं पाहतें. आई बधत नाहीं असें दिसतांच तें तोंड फिरवितें आणि रडकुंडीस येतें. विषण्ण आईचा चेहरा बाळाला कसा दिसत असेल, हें त्यावरून कळतें. परंतु प्रयोग तेथें संपत नाहीं. आईनें पुन्हा हंसून बोलावयास सुरुवात केली कीं बाळ हळूहळू सांवरतें आणि पुन्हा खेळूं लागतें. ट्रॉनिकच्या पुढील अभ्यासाचें सार असें कीं, अगदीं निरोगी आईचें व बाळाचें सूरहि सारा वेळ जुळलेले नसतात. ते वारंवार तुटतात आणि पुन्हा जुळविले जातात. मूल वाढतें तें या पुन्हा जुळण्यावर. दिवसभर प्रसन्न राहणें ज्या आईला शक्य नाहीं, तिला दिवसांतून दोनदां दहा मिनिटें बाळाकडे तोंड करून बसणें पुष्कळदां शक्य असतें. तें पुरें नसेल. पण तें थोडेंहि नाहीं.

यावरून घराचा क्रम कसा लावावा तें पाहूं. पहिली गोष्ट, कामांची वांटणी. आजारी आईकडे बाळाचें दूध आणि हीं दहा-दहा मिनिटें एवढेंच ठेवावें. पाणी, सरपण, स्वयंपाक, धुणें हें इतरांनीं वांटून घ्यावें. आपल्याकडे याच्या उलट घडतें. घरकाम तिच्याकडे राहतें आणि ‘तुला जमत नाहीं’ म्हणून मूल मात्र सासू काढून घेते. त्यानें घर चालतें, पण आईचा उरलासुरला आधार जातो. दुसरी गोष्ट, रात्रीची झोप. एक तरी सलग चार-पांच तासांची झोप आईला मिळेल, अशा बेतानें बापानें किंवा आजीनें बाळाला सांभाळावें. शहरांतल्या घरांत हें सोपें असावें असें वाटतें. पण जेथें नवरा-बायको आणि बंद दार एवढाच संसार आहे, तेथें तें गडचिरोलीच्या गांवापेक्षांहि कठीण होऊन बसतें. गांवांत निदान शेजारीण हांकेच्या अंतरावर असते.

तिसरी गोष्ट थोरल्या मुलीची. ज्या घरांत आई अंथरुणाला खिळते, तेथें आठ-दहा वर्षांची मुलगी न सांगतां आई होते. ती भात शिजविते, धाकट्याला कडेवर घेते, आईला जेवूं घालते, आणि शाळा बुडविते. शेजारीपाजारी तिची तोंड भरून स्तुति करतात. त्या स्तुतीखालीं तिचें बालपण गाडलें जातें. मुलानें घरांत हातभार लावावा, यांत वाईट कांहीं नाहीं. पण आईचें मन राखण्याची जबाबदारी त्याच्यावर पडतां कामा नये. ‘तूं नीट वाग, नाहींतर आई आजारी पडेल’ हें वाक्य घरांत कोणींहि उच्चारूं नये.

चौथी गोष्ट मुलांना खरें सांगण्याची. मोठीं माणसें समजतात कीं मुलांना कांहीं कळत नाहीं. मुलांना सारें दिसतें. अर्थ मात्र कळत नाहीं, म्हणून तीं स्वतःच अर्थ लावतात, आणि तो बहुधा असा असतो कीं, आई माझ्यामुळें अशी झाली. बोस्टन येथील डॉक्टर विल्यम बीअर्डस्ली यांनीं अशा कुटुंबांबरोबर अनेक वर्षें काम केलें. आजाराविषयीं आईबापांनीं मुलांशीं एकत्र बसून उघड बोलावें, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. अशा बोलण्यानें घरांतलीं माणसें एकमेकांस अधिक समजूं लागतात, असें त्यांना आढळलें. बोलावयास मोठें ज्ञान लागत नाहीं. तीन वाक्यें पुरतात. ‘आईला मनाचा आजार झाला आहे. तो तुझ्यामुळें झालेला नाहीं. आम्ही त्यावर औषधपाणी करीत आहों, आणि तोंवर तुला काय हवें-नको तें काका पाहतील.’ शेवटच्या वाक्यांत एका जित्याजागत्या माणसाचें नांव असावें; मुलाला धीर नांवानें येतो. नॉर्वे देशानें तर २०१० पासून कायदाच केला आहे कीं, रुग्णाला लहान मुलें आहेत काय याची दखल वैद्यकीय लोकांनीं घ्यावी आणि त्या मुलांची माहितीची व आधाराची गरज पाहावी.

आतांपर्यंत मी आईविषयींच अधिक बोललों. परंतु बापालाहि हा आजार होतो. पुरुषाची विषण्णता रडत नाहीं. ती चिडते, मुलांवर हात उगारते, घरीं उशिरां येते, आणि बाटलींत शिरते. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. या बंदीसाठीं चळवळ करणाऱ्यांत बायकाच पुढें होत्या, कारण दारूचें बिल कोण भरतें तें त्यांना ठाऊक होतें. बंदी असावी कीं नसावी, हा वाद येथें नको. एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, पिणाऱ्या बापांतले कांहीं मुळांत खचलेले असतात, आणि दारू ती खिन्नता आणखी खोल करते. ‘तुला झोप लागते का? जगण्यांत रस वाटतो का?’ हा प्रश्न त्यालाहि कोणीतरी विचारला पाहिजे. बरा झालेला बाप ही मुलाला मिळणारी मोठी इस्टेट आहे.

हा आजार बरा होतो, आणि त्यासाठीं प्रत्येक वेळीं मोठा डॉक्टरच लागतो असें नाहीं. आपल्याच विदर्भांत, अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा प्रयोग झाला. गांवांतल्या साध्या स्त्रीपुरुषांना मनाचे आजार ओळखण्याचें व धीराचें बोलणें करण्याचें शिक्षण दिलें. पूर्वीं तेथील विषण्ण माणसांपैकीं शेंकडा ४.३ जण मदतीपर्यंत पोंचत. प्रयोगानंतर तें प्रमाण २७.२ झालें. गोव्यांत गरोदर स्त्रियांसाठीं शेजारपाजारच्याच अनुभवी आयांना ‘सखी’ म्हणून शिकविलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाचा गुण माफक, पण खरा होता. आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशांत डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ सालीं दवाखान्याच्या आवारांत बांकें मांडलीं आणि त्यांवर शिकविलेल्या आज्या बसविल्या. तेथील लोक या आजाराला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे ‘फार विचार करणें’. आपली म्हातारी शेजारीणहि हेंच म्हणते: ‘ती विचारच फार करते.’ या सर्व ठिकाणीं शिकविलेल्या माणसानें केलें तें सारखेंच. आधीं ऐकून घेतलें, मग दिवसाचें एक लहानसें काम ठरवून दिलें, आणि पुढच्या आठवड्यांत येऊन त्याची चौकशी केली.

आजार जोरदार असेल तर औषधें घ्यावीं लागतात. त्यांचा गुण कांहीं आठवड्यांनीं दिसूं लागतो. तोंवर धीर धरावा, आणि बरें वाटूं लागतांच तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत. अंगावर पाजणाऱ्या आईलाहि देतां येतील अशीं औषधें आहेत. म्हणून ‘मी पाजतें’ हें डॉक्टरांना प्रथम सांगावें. इस्पितळांत राहण्याची वेळ आली तर आई व मूल यांची ताटातूट होईल, ही भीति पुष्कळांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असें ठरविलें आहे कीं, उपचार घेणाऱ्या स्त्रीचें तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून दूर करूं नये. मुलाच्या जिवाला धोका असल्यास तें तात्पुरतें दूर ठेवतां येईल, पण दर पंधरा दिवसांनीं त्याचा फेरविचार झाला पाहिजे. कायद्याच्या पुस्तकांत हें आतां आलें. गडचिरोलीच्या लोकांनीं तें आधींच सांगून ठेवलें होतें. ‘सर्च’नें शोधग्रामांत दवाखाना बांधण्यापूर्वीं आदिवासींना विचारलें कीं तो कसा असावा. ते म्हणाले, आमच्या झोंपड्यांसारखा असावा आणि रोग्याबरोबर घरच्यांना राहतां यावें. तसा तो झाला, आणि त्याला नांव मिळालें त्यांच्या देवीचें, माँ दंतेश्वरीचें. रोगी माणसाला त्याच्या माणसांपासून तोडूं नये, हें शहाणपण मनाच्या आजारांत तर दुप्पट खरें आहे.

एक इशारा दिल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. मरणाचे विचार बोलून दाखविणें, ‘मुलासकट सुटूं’ असें म्हणणें, किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत एकाएकीं भ्रमिष्टासारखें वागणें, बाळाविषयीं विचित्र गोष्टी बोलणें, यांपैकीं कांहींहि दिसलें तर तें नाटक समजूं नये आणि उद्यांवर टाकूं नये. त्या व्यक्तीला एकटें सोडूं नये. घरांतलें फवारणीचें औषध कुलपांत ठेवावें. आणि त्याच दिवशीं जिल्हा रुग्णालय गांठावें. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. तेथें मराठींत बोलतां येतें आणि पैसे पडत नाहींत. ज्यानें आत्महत्येचा प्रयत्न केला तो भारी मानसिक ताणाखालीं होता असें २०१७ चा कायदा धरून चालतो, आणि त्याला शिक्षेऐवजीं उपचार द्यावयास सांगतो. म्हणून पोलिसांच्या भीतीनें कोणीं दवाखाना टाळूं नये.

आतां ती राहिलेली ओळ. दवाखान्यांत बाळंतपण झालें तर आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळां घरीं येते. घरींच झालें तर सात वेळां. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पांच भेटी ठरल्या आहेत. म्हणजे सव्वा वर्षांत अकरा-बारा वेळां एक शिकविलेली बाई त्या घरांत बसते, बाळाला उचलते, तोलते आणि वहींत आंकडा लिहिते. प्रत्येक वेळीं आई तिच्यासमोर हातभर अंतरावर असते. तेवढ्या वेळांत दोन प्रश्न सहज विचारतां येतात: गेल्या पंधरा दिवसांत मन उदास किंवा निराश वाटलें का? आवडत्या कामांतहि रस वाटेनासा झाला आहे का? हे दोन प्रश्न जगभर डॉक्टर वापरतात. त्यांना यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, गोंडींत किंवा माडियांतहि ते विचारतां येतात. उत्तर ‘हो’ आलें तर पुढची वाट दाखवावी. ‘नाहीं’ आलें तरी विचारणारें कोणी आहे, एवढें त्या बाईला कळतें.

आणि ज्या घरीं आशा येत नाहीं, त्या पुण्यामुंबईच्या, नागपूरच्या, चंद्रपूरच्या सुशिक्षित घरांत हें काम कोणाचें? बारशाला आपण जातों, बाळाला आंगडें देतों, बाळ कोणासारखें दिसतें याची चर्चा करतों. पुढच्या वेळीं जाल तेव्हां बाळाला पाळण्यांत ठेवल्यावर थोडा वेळ त्याच्या आईजवळ बसा, आणि तिला झोप लागते का, एवढें विचारा. विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत तेथून उठूं नका.